वेब सर्व्हिसमधून ग्रिडवर पाठवलेले एकच काम तीनदा चालले

प्रश्न

नमस्कार. आमचा वाहनांच्या सुट्या भागांचा कारखाना भोसरीत आहे आणि डिझाइन विभाग हिंजवडीत. कारखान्यातले सुमारे चाळीस संगणक रोज रात्री आणि गुरुवारच्या सुट्टीत रिकामे असतात, म्हणून त्यांवर एचटीकाँडर (रिकाम्या संगणकांवर रांगेतली कामे चालवणारे सॉफ्टवेअर) बसवून डिझाइन विभागाची ताण-विश्लेषणाची कामे आम्ही तिकडे वळवली आहेत. कामे स्वीकारायला मी एक छोटी वेब सर्व्हिस, म्हणजे नेटवर्कवरून विनंत्या घेणारा प्रोग्राम, लिहिली. गेल्या बुधवारी रात्री दोन ठिकाणांमधली लाइन संथ झाली, तीस सेकंदांत उत्तर आले नाही म्हणून डिझाइन विभागाच्या प्रोग्रामने तीच विनंती पुन्हा पाठवली, आणि सकाळी एकाच ब्रॅकेटच्या निकालाचे तीन फोल्डर सापडले. त्या तिन्ही कामांनी विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरची लायसन्स अडवल्यामुळे बाकीच्यांची कामे रात्रभर रांगेत राहिली. ग्रिडसाठीची, म्हणजे अशा एकत्र जोडलेल्या संगणकांसाठीची, जुनी वेब सर्व्हिस मानके, विशेषतः डब्ल्यूएसआरएफ (वेब सर्व्हिसमागच्या कामांची स्थिती जपण्याचे मानक), स्वीकारल्याने हे टळेल का? शिवाय खर्च दोन विभागांत कसा वाटावा?

उत्तर १

डब्ल्यूएसआरएफच्या मार्गाला आज जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ग्लोबस टूलकिट या ग्रिड उभारण्याच्या सॉफ्टवेअरच्या २००५ साली आलेल्या चौथ्या आवृत्तीचा तो पाया होता आणि २००६ मध्ये ओअॅसिस या मानके ठरवणाऱ्या संस्थेने त्याला मानक म्हणून मान्यता दिली. पण ग्लोबसनेच पाचव्या आवृत्तीत तो सोडून दिला, आणि टूलकिटचा आधारही २०१८ च्या सुरुवातीला थांबला. मात्र त्यातल्या दोन कल्पना आजही उपयोगी आहेत: प्रत्येक कामाला स्वतःचा कायम पत्ता असणे आणि प्रत्येक कामाला संपण्याची वेळ ठरलेली असणे.

आपल्या अडचणीचे मूळ असे आहे की कामाचा क्रमांक आपली सर्व्हिस देते, त्यामुळे उत्तर वाटेत हरवले की पाठवणाऱ्याच्या हाती काहीच उरत नाही. हा क्रमांक पाठवणाऱ्यानेच विनंतीआधी तयार करावा आणि पुन्हा पाठवताना तोच वापरावा. सर्व्हिसने ओळखीचा क्रमांक दिसताच नवे काम न लावता जुन्याचीच स्थिती कळवावी. शिवाय सर्व्हिसने काम पूर्ण होईपर्यंत जोडणी धरून ठेवू नये. विनंती नोंदवून लगेच पत्ता द्यावा.

उत्तर २

लायसन्सचा मुद्दा वेगळा हाताळावा लागेल, कारण संगणक चाळीस असले तरी लायसन्स त्याहून कमी असतील तर खरी मर्यादा तीच असते. एकाच प्रकारची किती कामे एका वेळी चालावीत, याची मर्यादा एचटीकाँडरमध्येच घालता येते; ती वेब सर्व्हिसमध्ये मोजत बसू नका, कारण तिथला हिशेब आणि प्रत्यक्ष रांग यांत लवकरच फरक पडतो.

खर्चासाठी एचटीकाँडरमधले अकाउंटिंग ग्रुप (कामाचा वापर कोणाच्या नावे मोजायचा ते सांगणारे गट) वापरा, पण ग्रुपचे नाव अभियंत्याला लिहू देऊ नका. लॉगिनवरून ते सर्व्हिसने भरावे. सकाळी पाळीचा माणूस कीबोर्डवर बसला की, तशी धोरणे लावलेली असल्यास, चालू काम हटवले जाते. प्रोग्राम स्वतः मधली स्थिती जतन करत नसेल तर ते तास वाया जातात. ते डिझाइन विभागाच्या खात्यावर टाकणे मला अन्यायाचे वाटते. वेगळ्या रकान्यात दाखवावेत, म्हणजे व्यवस्थापनालाही नुकसान दिसेल.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. क्रमांक डेटाबेसमध्ये लिहिला आणि काम रांगेत लावण्याआधीच सर्व्हिस बंद पडली, तर काय करावे?

उत्तर १

क्रमांक आधी ‘प्रलंबित’ म्हणून लिहा आणि तोच क्रमांक कामाच्या क्लासअॅडमध्ये (एचटीकाँडर प्रत्येक कामासाठी ठेवते त्या माहितीच्या नोंदीत) स्वतंत्र गुणधर्म म्हणून घाला. सर्व्हिस पुन्हा सुरू झाल्यावर प्रत्येक प्रलंबित क्रमांक रांगेत आणि इतिहासात, दोन्हीकडे शोधावा. संपलेले काम रांगेतून निघून इतिहासात जाते, त्यामुळे फक्त रांग पाहिली तर तेच काम पुन्हा लागेल. दोन्हीकडे सापडले नाही, तरच काम नव्याने पाठवावे.