डग्लस हाइडना हाकललं, तेही बरोबरच म्हणायचं का?

स्लिप_फील्डर: काल इथे कुणी लिहिलंय, जीएएने (आयर्लंडच्या देशी खेळांची संघटना) आपल्या सभासदांना सॉकर, रग्बी, क्रिकेट अशा परक्या खेळांची बंदी घातली म्हणून हर्लिंग (काठी-चेंडूचा आयरिश खेळ) टिकलं. डोकंच तडकलं. हाइड म्हणजे आयरिश भाषेसाठी झटणाऱ्या गेलिक लीगचे एक संस्थापक, १९३८ साली आयर्लंडचे पहिले राष्ट्राध्यक्ष. त्याच वर्षी डब्लिनच्या डॅलीमाउंट पार्कला आयर्लंड-पोलंड सॉकर सामन्याला हजर राहिले, तर जीएएने त्यांचं आश्रयदातेपद काढून घेतलं! आयरिश भाषेसाठी आयुष्य वेचलेल्या माणसाला देशप्रेम शिकवणार हे? जीएए काढणारा क्यूसॅक स्वतः रग्बी, क्रिकेट खेळलेला.

हर्लीवाला: मीच लिहिलंय, परत लिहीन. २१ नोव्हेंबर १९२०, जीएएचं डब्लिनमधलं मैदान क्रोक पार्क. चालू सामन्यात ब्रिटिशांचा गोळीबार, १४ जण गेले, त्यात टिपरेरीचा खेळाडू मायकल होगन. एवढं सोसलेल्यांना 'खेळात राजकारण नको' कोण सांगणार?

स्लिप_फील्डर: बंदी १९२० च्या आधीची आहे साहेब. आणि १९७१ ला उठली. मेलं का हर्लिंग?

डब्लिनची_वहिनी: हर्लिंगचं सोडा, क्रिकेटचं बोला! किल्केनी, टिपरेरीत गावोगाव क्रिकेट चालायचं, ते या बंदीनेच घालवलं. माझा मुलगा शनिवारी हर्लिंग, रविवारी क्रिकेट खेळतो. एका पालकाने त्याच्या तोंडावर विचारलं, "अजून तो इंग्रजांचा खेळ खेळतोस?" बारा वर्षांचं पोर हो!

हर्लीवाला: वहिनी, ते क्रिकेट जमीनदारांच्या कुरणांवर चालायचं. कुळं जमीनदारांविरुद्ध उठली तिथेच त्याचा पाया हलला. जीएए त्यानंतरची, १८८४ ची. उगाच बिल आमच्या नावावर फाडू नका.

डब्लिनची_वहिनी: 'आमच्या'? तुम्ही सांगलीचे ना?

मालवणी_मासा: कुणी वराडकरांचं नाव कसं घेत नाही? बाप आमच्या मालवण तालुक्यातल्या वराडचा, मुलगा लिओ आयर्लंडचा पंतप्रधान झाला!

स्लिप_फील्डर: इथे त्यांचा काय संबंध?

मालवणी_मासा: ते पंतप्रधान झाले २०१७ ला, आयर्लंडला कसोटी दर्जा मिळाला २०१७ ला. बघा आता!

हर्लीवाला: धन्य आहे. स्लिपवाले, हाइडचा मुद्दा तुमचा, फ्रेम करून लावा भिंतीवर. पण २००७ ला त्याच क्रोक पार्कवर इंग्लंडचं राष्ट्रगीत शांतपणे ऐकून घेतलं, मग रग्बीत ४३-१३ ने लोळवलं. मनाचा मोठेपणा जीएएवाल्यांनाही कळतो.

स्लिप_फील्डर: कळायला १२३ वर्षं लागली.

डब्लिनची_वहिनी: आणि २०११ ला बंगळुरात केविन ओब्रायनने ५० चेंडूंत शतक ठोकून इंग्लंडला हरवलं, ते कुठल्या कुरणावर हो?