मॅक्स_कनेक्शन्स १००० करून कोणाचं भलं झालंय?

डिचोलीकर
काल इथे एकाने पोस्टग्रेस डेटाबेससाठी सल्ला दिला: "'टू मेनी क्लायंट्स' ही एरर आली की मॅक्स_कनेक्शन्स १००० करायचं, विषय संपला. पीजीबाउन्सर हे रिकामटेकड्यांचे चोचले." खाली अंगठ्यांची रांग. मॅक्स_कनेक्शन्स म्हणजे एका वेळी किती कनेक्शनं आत घ्यायची ती मर्यादा; पीजीबाउन्सर म्हणजे मध्ये बसून थोडकी कनेक्शनं सगळ्यांत फिरवणारा प्रोग्राम. अरे बाबा, पोस्टग्रेस दर कनेक्शनला वेगळी प्रोसेस काढतं. हजार जण आत घेतलेस तरी प्रोसेसरचे कोअर चारच!

कळंगुटच्या एका हॉटेलचं बुकिंग मी सांभाळायचो. नाताळच्या आठवड्यात असंच ८०० केलं. वर्क_मेम, म्हणजे सॉर्टसारख्या एकेका कामाला मिळणारी मेमरी, कुणीतरी आधीच ६४ एमबी करून ठेवलेलं. रात्री साडेअकराला मेमरी संपली, कर्नलने पोस्टग्रेसची एक प्रोसेस मारली आणि त्यासरशी सगळी कनेक्शनं तुटून डेटाबेस रिकव्हरीत. शेजारून आलेल्या नेवऱ्यांचं ताट तसंच राहिलं. शेवटी ॲपमधल्या हिकारी लायब्ररीचा पूल, म्हणजे तयार कनेक्शनांचा साठा, १२ वर आणला. रांग लागली, पण सरकत राहिली. धक्क्यावर हजार माणसं जमली म्हणून कोणी मांडवीत हजार फेरीबोटी सोडत नाही.

व्हेर्णा_नाइटशिफ्ट
तो 'एक' मीच, थेट बोला. तुमच्या ८०० चं खापर त्या वर्क_मेमवर फोडा. आणि १२ कुठून काढलंत? त्या सूत्राने, कोअर दुणे आठ अधिक डिस्कचे स्पिंडल? एसएसडीत फिरती तबकडी शोधताय वाटतं.

पीजीबाउन्सरचं तर माझ्यापुढे नावच नको. ट्रान्झॅक्शन मोडवर टाकलं, म्हणजे दर ट्रान्झॅक्शननंतर कनेक्शन दुसऱ्याला. रात्रीचं बिलिंग एकदाच चालावं म्हणून कोडमध्ये पीजी_ॲडव्हायझरी_लॉक होतं, सेशनभर टिकणारं कुलूप. ट्रान्झॅक्शन संपलं, सर्व्हरकडचं कनेक्शन परत गेलं, लॉक त्यालाच चिकटून राहिलं. दुसऱ्या वर्करला नेमकं तेच कनेक्शन मिळालं. पोस्टग्रेसच्या लेखी सेशन तेच, दिलं लॉक. गिऱ्हाइकांना दोन-दोन बिलं. सकाळी शिव्या मी खाल्ल्या, तुमच्या सूत्राने नव्हे.

मडगावची
त्या मोडमध्ये काय चालत नाही त्याचा पीजीबाउन्सरवाल्यांनी तक्ताच दिलाय. मूळ सेटिंग सेशन मोडच असतं (क्लायंट जाईतो कनेक्शन त्याचंच), तुम्ही हाताने बदललंत. ट्रान्झॅक्शनबरोबर आपोआप सुटणारं पीजी_ॲडव्हायझरी_एक्सॅक्ट_लॉक घ्यायचं आणि काम त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये संपवायचं.

आणि डिचोलीकर, १२ गुणिले पॉड (ॲपच्या चालू प्रती) किती? आमच्याकडे सहा पॉड, प्रत्येकी २०, म्हणजे १२०. मूळ मर्यादा १००, त्यातली ३ सुपरयूजरला राखीव. डिप्लॉय करताना जुने-नवे पॉड एकत्र उभे राहतात तेव्हा तर दुपटीपर्यंत. हा हिशेब कोणी करत नाही, सगळे सूत्रावर भांडतात.

चोडणकर
फेरीबोटीची उदाहरणं देणारे रायबंदरच्या धक्क्यावर पावसात कधी उभे राहिलेत? रांग सरकत राहते म्हणे! तुमचा कनेक्शन पूल राहू द्या, आम्हा चोडण बेटावरच्यांना पणजीला जायला मांडवीवर खरा पूल हवा.

डिचोलीकर
आणि पक्षी अभयारण्याचं, खारफुटीचं काय? मयेकडून रस्ता आहे की.

चोडणकर
पणजीला जायला डिचोलीचा वळसा? रात्री आजारी बापाला घेऊन त्या वळशाने मी गेलोय. पक्षी बघायला रविवारी येणाऱ्यांनी शिकवू नये.

मडगावची
पूल झाला की पाठोपाठ बिल्डर येतात. गावात शेत उरणार नाही.

चोडणकर
मडगावात बसून आमच्या शेताची काळजी! धन्य.

डिचोलीकर
रविवारी येणारा मी नव्हे, माझं आजोळ चोडणचं आहे. तोंड सांभाळून.

व्हेर्णा_नाइटशिफ्ट
भांडण आटोपलं असेल तर सांगतो. आमच्या त्याच पीजीबाउन्सरवर शो पूल्स मारलं: सीएल_वेटिंग ४१, म्हणजे ४१ क्लायंट रांगेत. कोण काय करतंय ते दाखवणाऱ्या पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीत २० पैकी १७ जण 'आयडल इन ट्रान्झॅक्शन', ट्रान्झॅक्शन उघडं आणि काम काही नाही. आमच्याच एका महाभागाने ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून पेमेंट गेटवेला हाक मारलीय, उत्तर येईतो कनेक्शन धरून बसलाय. १००० चा सल्ला मागे. १२ मात्र मानत नाही, २० च ठेवणार.

मडगावची
कुठली ओळ कोणी लिहिली ते गिट ब्लेम सांगतं; महाभागाचं नाव त्यात बघितलंत?

व्हेर्णा_नाइटशिफ्ट
बघितलं. मीच.

चोडणकर
म्हणजे फेरी धक्क्याला लावून तांडेल चहाला गेला होता. २० करा नाहीतर १२, आमच्या पुलाचं काय ते बोला.