मदत हवी आहे: शांताबाईंच्या नाट्यगीतांसाठी पेटी-तबला

नमस्कार मंडळी, ६ जूनला इंदूरात घरीच शांता शेळक्यांच्या आठवणीत छोटी बैठक करायची आहे. २००२ मध्ये त्या गेल्या तेव्हा आई दिवसभर स्वयंपाकघरात 'काटा रुते कुणाला' गुणगुणत होती आणि मधेच थांबून रडत होती, मला अजून आठवतं. 'हे बंध रेशमाचे' नाटकातलं हे पद, चाल अभिषेकीबुवांची, पण आई म्हणायची आधी शब्द ऐक गं, किती साधे आणि किती खोल. आता आईही नाहीये. राजवाड्याच्या आसपास कोणी पेटी, तबला वाजवणारे आहेत का? आणि या नाटकाचं जुनं पुस्तक कोणाकडे असेल तर दोन दिवस द्याल का, प्लीज, जपून परत करेन.