मदत हवी आहे: आईला 'व्हायोलेट एव्हरगार्डन' दाखवायचंय, किती भाग पुरतील?

नमस्कार मंडळी. लोकांसाठी पत्रं लिहून देणाऱ्या व्हायोलेटची ही जपानी अ‍ॅनिमे (अ‍ॅनिमेशन) मालिका (२०१८, १३ भाग) आणि तिचा शेवट करणारा २०२० चा चित्रपट, दोन्ही माझं पाहून झालंय. इतका समाधानकारक शेवट मला तरी दुसऱ्या अ‍ॅनिमेत सापडला नाही. मालिका संपताना मेजरचं (व्हायोलेटच्या सैन्यातल्या वरिष्ठाचं) काय झालं हा सल राहतो, तो चित्रपट काढून टाकतो.

परवा मी दहावा भाग पुन्हा बघत होतो. आजारी आई आपल्या लेकीसाठी पन्नास वर्षांची पन्नास पत्रं लिहून घेते, तो. आमच्या मातोश्री भाजी निवडता निवडता मागे येऊन उभ्या राहिल्या, आणि संपल्यावर मेथीची जुडी तशीच हातात. "पुढे काय होतं रे त्या पोरीचं?" आता पुढचं चित्रपटातच आहे, सुरुवातच त्या पत्रांपासून होते!

अडचण अशी की सबटायटल वाचताना आईची दमछाक होते. मी दर दोन मिनिटांनी थांबवून सांगतो. तेरा भाग असे बघायचे तर दिवाळी उजाडेल, आणि चित्रपटच १४० मिनिटांचा.

माझ्या मते पहिला, आठवा, नववा आणि दहावा एवढे तरी हवेतच. सातवा (नाटककाराचा) गाळवत नाही, पण गाळला तर चालेल का? २०१९ चा दोन बहिणींचा चित्रपट मधे दाखवू की नंतर? घरच्या मोठ्यांना दाखवलेलं कुणी आहे का इथे?

आणि हो, कमेंटमध्ये शेवट फोडू नका, आईही हा ग्रुप वाचते.