मिशिगन: सस्पेंडेड लायसन्सचं तिकीट ऑनलाइन मिटवताना

लायसन्स सस्पेंड असताना गाडी चालवल्याचं तिकीट मिळालं, तर थेट ‘गिल्टी’ (गुन्हा कबूल) म्हणून दंड भरून मोकळं व्हावं का? घाई नको. मिशिगनमध्ये हे साधं ट्रॅफिक तिकीट नसतं, मिसडिमीनर, म्हणजे किरकोळ फौजदारी गुन्हा असतो: पहिल्या वेळी कमाल ९३ दिवस तुरुंग, ५०० डॉलर दंड किंवा दोन्ही. शिवाय दोषी ठरलात की सस्पेन्शन आणखी लांबतं.

आधी लायसन्स सोडवा. सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून (मिशिगनचं लायसन्स खातं) ड्रायव्हिंग रेकॉर्ड काढा, कुठल्या कोर्टाने का अडवलंय ते त्यात दिसतं. २०२१ पर्यंत साधं तिकीट न भरल्यानेही लायसन्स सस्पेंड व्हायचं; आता कोर्टाने अजून अडवलेलं असेल तर त्याच कोर्टात दंड आणि ४५ डॉलर क्लिअरन्स फी (अडवणूक काढण्याची) भरा. मग लागू असल्यास १२५ डॉलर रीइन्स्टेटमेंट फी (लायसन्स पुन्हा चालू करण्याची). बहुतेकांचं घोडं इथेच अडतं: ४५ भरले की झालं, असं वाटतं.

नंतर तुमचं कोर्ट अशी केस ऑनलाइन घेतं का, ते बघा. घेत असेल तर तिकीट नंबर टाकून अर्ज करा, पावत्या जोडा. प्रॉसिक्युटर (सरकारी वकील) कधीकधी ‘लायसन्स जवळ नव्हतं’ एवढ्यावर कलम उतरवतो. उत्तर येईपर्यंत समन्सवरची तारीख चुकवू नका, नाहीतर वॉरंट निघू शकतं.

एच-वन-बी व्हिसा किंवा ग्रीन कार्डवाल्यांनी प्रॉसिक्युटरची ऑफर ‘अ‍ॅक्सेप्ट’ करण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारावंच.