'दात काय, परत येतात' म्हणणाऱ्या कोचसाहेबांना

म्हापशेकरीण
काल इथेच फुटबॉलच्या धाग्यावर माऊथगार्डचा, म्हणजे खेळताना दातांवर बसवायच्या रबरी कवचाचा, विषय निघाला आणि एका प्रशिक्षकांनी लिहिलं: "माऊथगार्ड म्हणजे शहरी आयांची नवी हौस. आम्ही कापणी झालेल्या शेतात अनवाणी खेळलो. दात गेला तर गेला. दात काय, परत येतात." रात्री वाचलं आणि झोप उडाली. आता डबा भरता भरता लिहितेय, तेव्हा गोड भाषेची अपेक्षा नको.

साहेब, दुधाचे परत येतात. माझ्या मुलाचा गेला तो बाराव्या वर्षी, पुढचा, पक्का. सामनासुद्धा नव्हता, सराव होता. कॉर्नरला दोघं एकदम उडाले आणि दुसऱ्याचं कोपर बसलं. मी पोचले तर कुणीतरी दात नळाखाली घासून लख्ख केलेला, टिश्यूत गुंडाळून माझ्या हातावर ठेवला, प्रसादासारखा. सव्वा तास कोरडा होता तो. डॉक्टरांनी बसवला, दोन आठवडे शेजारच्या दातांना तारेने बांधला, रूट कॅनॉल केलं आणि तेव्हाच सांगितलं की मूळ हळूहळू झिजत जाणार. हाडात रोवायचा खोटा दात, इम्प्लांट म्हणाल, तर जबड्याची वाढ थांबेपर्यंत करत नाहीत, म्हणजे अठराच्या आसपास. शाळेच्या फोटोत पोरगा ओठ मिटून उभा आहे.

नडगीला पॅड नसेल तर तुम्हीच पोराला मैदानाबाहेर काढता ना? ते पॅडही १९९० साली सक्तीचे झाले. त्याआधी कुणीतरी म्हटलंच असेल, हाड काय, जुळतं.

शिट्टीवाला
तो प्रशिक्षक मीच. मुलाचं वाईट वाटलं, खरंच. पण बाय, माझं पुढचं वाक्य तुम्ही सोयीने गाळलंत. माझ्याकडची अर्धी पोरं उसन्या बुटांवर खेळतात, आणि मी वीस वर्षं फुकट शिकवतोय. आधी बूट की आधी माऊथगार्ड? दुसरं म्हणजे फुटबॉल निम्मा तोंडाने खेळतात. मागून माणूस आला हे ओरडून सांगायचं कसं, तोंडात रबर धरून? फुटबॉलच्या नियमात पॅड आहेत, माऊथगार्ड नाही. नियम करणारे मूर्ख आहेत काय?

पेडणेकर९
कोचशी सहमत. पुतण्याला आणून दिलं, दहा मिनिटांत मोज्यात. म्हणे उलटीसारखं होतं. आणि लोक विसरले काय, २००२ साली अँटिगाला कुंबळे तुटलेला जबडा बांधून आला आणि त्याने लाराला काढलं. आता एका दातासाठी धागा!

म्हापशेकरीण
कुंबळेचा जबडा बोलिंग करताना नाही, बॅटिंग करताना चेंडू लागून तुटला. आणि दुसऱ्या दिवशी तो विमानाने घरी, शस्त्रक्रियेला. तुमचा पुतण्या कशाने जाणार, कदंबाच्या बसने?

फोंड्याचा दातवाला
मी दंतवैद्य आहे, म्हणजे माझा धंदा आहे असं म्हणणारे येतीलच. म्हणा. माऊथगार्ड घातलं तर माझी गिऱ्हाइकं कमी होतात, एवढं लक्षात ठेवा.

मोज्यात गेलेला नक्की तयार मिळणारा असणार. तो कुणालाच बसत नाही, दात आवळून धरावा लागतो, मग बोलणार कसं? त्याहून बरा गरम पाण्यात मऊ करून चावायचा. सगळ्यात चांगला दातांचा साचा घेऊन केलेला. तो घालून बोलता येतं, श्वास घेता येतो, कोचसाहेबांच्या पोरांना ओरडताही येईल. न्यूझीलंडमध्ये १९९८ला रग्बीत सक्ती झाली. १९९५ ते २००३ या काळात रग्बीतल्या दातांच्या दुखापतींचे भरपाईचे दावे ४३ टक्क्यांनी घटले.

मात्र माऊथगार्डने मेंदूला मार लागत नाही असं जे पसरवतात, त्याला पक्का पुरावा नाही. दातांपुरतंच बोला.

आणि दात निघालाच, तर मूळ धरू नका, वरचा पांढरा भाग धरा. घासू नका, मुळावरच्या पेशी जिवंत हव्यात. मळला असेल तर हलकेच धुऊन लगेच खाचेत बसवा आणि रुमाल चावायला द्या. जमत नसेल तर थंड दुधात टाका आणि तासाच्या आत पोचा. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही.

शिट्टीवाला
रग्बी आणि फुटबॉल एक कधीपासून झाले?

सत्तरीचो
डॉक्टर, वाळपईपलीकडच्या मैदानावर दूध कुठलं? बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात पोचायलाच तासाच्या वर जातो. आमच्याकडे आडसर आहे, म्हणजे शहाळं. त्याच्या पाण्यात दात राहतो असं वाचलंय.

पेडणेकर९
आडसर! भाव बघितलास? दात स्वस्त पडेल.

सत्तरीचो
भाव तुम्ही रस्त्यावर देता तो. माझ्या कुळागरात, माडा-पोफळींच्या बागेत, येऊन बघा. अर्धी फळं माकडं कोवळीच फोडून टाकतात. वन खात्याला सांगितलं तर अर्ज करा म्हणतात. माडावर चढून नारळ पाडणारा पाडेली मिळत नाही, मिळाला तर माडामागे पैसे आणि वर चार नारळ. उरतं काय?

भाटातला
पाडेल्याला नावं ठेवू नका. माझे वडील तेच काम करत. पावसाळ्यात घसरून पडले, कंबर गेली, कुणी विचारलं नाही. माडामागे पैसे जास्त वाटतात तर स्वतः चढा.

सत्तरीचो
मी नावं कुठे ठेवली रे? परत वाच.

भाटातला
"वर चार नारळ" हे काय मग? चार नारळ मोजायला तुम्हाला येतात, त्याच्या पाठीची हाडं कोण मोजणार?

सत्तरीचो
तुझे वडील आमच्याकडे चढत नव्हते. माझ्यावर कशाला काढतोस?

पेडणेकर९
आणि माकडांचं म्हणाल तर पेडण्याला या. आमच्याकडे शेवग्याची फुलंसुद्धा ठेवत नाहीत. आजीने कौलांवर जुनी साडी बांधली होती बुजगावणं म्हणून, तीच नेली.

म्हापशेकरीण
माझ्या पोराच्या दातावर लिहिलं होतं, आणि तुम्ही माकडांवर पोचलात. धन्य.

फोंड्याचा दातवाला
आडसरावर थोडं. प्रयोगशाळेत काही ठिकाणी पेशी त्या पाण्यात बऱ्या टिकल्या, काही ठिकाणी दुधापेक्षा कमी. मुळात ते पाणी आम्लधर्मी. दूध मिळत असेल तर दूधच. तेही नसेल तर मोठं पोर दात गालात धरून आणू शकतं. लहान गिळेल, त्याच्या बाबतीत हा प्रयोग नको. साधं पाणी सगळ्यात वाईट.

भाटातला, तुमच्या वडिलांबद्दल वाईट वाटलं.

हॉकीची पक्की
आम्ही हॉकीवाल्या बघतोय, फुटबॉलवाले २०२६ साली यावर भांडतायत. आमच्या नियमातही सक्ती नाही, शिफारस आहे, तरी पेनल्टी कॉर्नरला घातल्याशिवाय मी उभीच राहत नाही. पहिला आठवडा लाळ गळते. मग विसरायला होतं. शिट्टीवाले काका, तुमचा उसन्या बुटांचा मुद्दा मात्र खरा आहे, त्यावर या धाग्यात कुणीच बोललं नाही.

शिट्टीवाला
निदान एकीने वाचलं.

बरं. सक्ती करणार नाही, ते तुम्ही कितीही ओरडलात तरी. पण मैदानासमोरच्या दुकानात फ्रीजमध्ये दूध असतं, तिथे सांगून ठेवतो. पोरांना दात धरायचा कसा हे दाखवतो. आणि कुणी घालून आलं तर हसणाऱ्याला मैदानाच्या दोन फेऱ्या. "परत येतात" हे वाक्य चुकलं, मान्य. बाकीचं नाही.

म्हापशेकरीण
पाच फेऱ्या. आणि नळ त्या दिवसापुरता बंद ठेवा.

पेडणेकर९
डॉक्टर, पुतण्याच्या दातांना तारा आहेत, वरचे जरा पुढेही आहेत. मोज्यातलंच परत गरम करून चालेल काय? सहज विचारतोय.

फोंड्याचा दातवाला
नाही. तारांत रुतेल, आणि दात सरकवण्याच्या कामात अडथळा होईल. तारांवर घालायचे सिलिकॉनचे वेगळे मिळतात. आणि पुढे आलेले दात असतील तर मार आधी तिथेच बसतो, तेव्हा "सहज" नका विचारू, घेऊन या त्याला. मोजाही आणा, बघू काय आहे ते.