अनुभव धागा : किनाऱ्याला लागलेलं कासव, तपास कसा करता?

ऐरोली : पावसाळ्यात वारं समुद्राकडून लागलं की उरणपासून डहाणूपर्यंत कासवं किनाऱ्याला लागतात. ठाणे-नवी मुंबईतले जे या कामात आहेत त्यांनी लिहावं. किस्से नकोत, कामाचं सांगा.

दिवाळे कोळीवाडा : जाळ्यातलं निपचित कासव मेलं समजून टाकू नका. पोटावर ठेवा, मागची बाजू वीतभर उंच करा, फुप्फुसातलं पाणी उतरतं. पाठीवर ओलं कापड, नाकपुड्या मोकळ्या. शुद्धीवर यायला २४ तासही लागतात. अशक्त कासव खोल टाकीत सोडलं तर बुडून मरतं, हे लोकांना पटतच नाही. वनविभागाला १९२६ वर कळवा.

वाशी : हलवण्याआधी फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून. लांबी शिंप्याच्या टेपने, मानेमागच्या खाचेपासून कवचाच्या मागच्या टोकापर्यंत. कवचावरची मधल्या रांगेच्या दोन्ही बाजूंची मोठी खवलं मोजा : हिरव्या कासवाला चार जोड्या, ऑलिव्ह रिडलेला बहुधा सहा किंवा जास्त. शव ताजं, फुगलेलं की सुकलेलं, हे लिहाच. मेलेलं कासव आधी बुडतं, मग पोटात वायू धरला की वर येऊन वाहत जातं. त्यामुळे सापडलं तिथेच मेलं असं धरू नका.

पशुवैद्य, ठाणे : वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मधला प्राणी, वनविभागाच्या परवानगीशिवाय सुरी लावायची नाही. शव बर्फात ठेवा, डीप फ्रीजरमध्ये नको. गोठलं की पेशी फुटतात, सूक्ष्मदर्शकाखाली काही कळत नाही. तपासणीसाठी घेतलेले अवयवांचे तुकडे अर्धा सेंटिमीटर जाडीचे, ते टिकवायचं १० टक्के फॉर्मेलिन त्यांच्या दहापट. जाड तुकडा आतून सडतो. जिवंत असेल तर रक्त हेपॅरिनच्या नळीत घ्या. हेपॅरिन आणि ईडीटीए दोन्ही रक्त गोठू देत नाहीत, पण ईडीटीएने कासवाच्या तांबड्या पेशी फुटतात.

बोटीच्या पंख्याचे समांतर घाव दिसले की सगळे बोटीवर खापर फोडतात. आधी घावाच्या कडेला गोठलेलं रक्त आहे का बघा. ताज्या शवात ते नसेल, तर बोट बहुधा मेल्यावर लागलेली असते. अंगावर चरबी, पोट भरलेलं, श्वासनळीत फेस असेल तर जाळ्यात गुदमरल्याचा संशय घ्या. सडलेल्या शवात मात्र फेसावर विसंबू नका. हिरव्या कासवाच्या डोळ्याभोवती किंवा मानेवर फ्लॉवरसारख्या गाठी दिसल्या तर टाकी, टॉवेल, हातमोजे वेगळे. त्या गाठींमागे नागिणीच्या गटातला विषाणू असतो.

बेलापूर : तोंडातून किंवा शेपटीखालून नायलॉनचा दोरा लोंबत असेल तर ओढू नका, आतडं चिरतं. थोडा बाहेर ठेवून कापा, गळ कुठे अडकलाय ते एक्स-रेवर बघा.